दुखणं कागदावर येईपर्यंत

माझ्या मुलाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. एसएस पॅटर्न, म्हणजे आईबापाकडून आलेली दोन्ही जनुकं सिकलची. २०२५ च्या मे महिन्यात तो दहावी पास झाला. परीक्षेत त्याला वाढीव वेळ मिळावा म्हणून, दिव्यांग प्रमाणपत्रापासून बोर्डाच्या मंजुरीपर्यंत, आम्ही सात महिने फिरलो. त्या काळात मी ज्याला त्याला विचारत होते आणि प्रत्येक जण अर्धंच सांगत होता. म्हणून सगळं लिहून काढते आहे. ज्या घरात नुकताच रिपोर्ट हातात आला असेल, त्या घरातल्या आईला उपयोगी पडेल.

आम्ही पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतले. तीन एकर धानाची शेती, मी गावातल्याच शाळेत पोषण आहाराचा स्वयंपाक करते. मुलाला घरी बाबू म्हणतो, इथेही तेच लिहिते.

बाबूचा जन्म ऑगस्ट २००९ चा. नऊ महिन्यांचा असताना, मे २०१० मध्ये, त्याच्या दोन्ही हातांचे पंजे सुजले. बोटं इतकी फुगली की मूठ मिटेना. रात्रभर रडायचा. सासूबाईंनी कोमट तेल लावलं, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं तर मुका मार असेल म्हणून सिरप दिलं. आठवड्याने सूज उतरली आणि आम्ही विसरलो. या आजाराची पहिली खूण बहुतेकदा हीच असते, हे मला फार नंतर कळलं. जन्मल्यावर काही महिने बाळाच्या रक्तात पोटातलं हिमोग्लोबिन शिल्लक असतं, ते बाळाला सांभाळतं. सहा महिन्यांनंतर ते कमी होत जातं आणि मग दुखणी सुरू होतात. तेव्हा लहान बाळाचे हातपाय मार न लागता सुजले, तर सिकलसेलची तपासणी करा असं स्वतःहून म्हणा. मला ते म्हणता आलं नाही, कारण तो शब्दच मी ऐकला नव्हता.

पुढची अडीच वर्षं आम्ही चुकीच्या आजारांवर औषधं केली. डोळे पिवळे दिसले की काविळीचं झाडपाल्याचं औषध. पाय दुखले की वात. रक्त कमी आलं की लोहाचं टॉनिक, एकामागून एक बाटल्या. अंगारेधुपारेही केले, लपवत नाही.

जानेवारी २०१३ मध्ये अंगणवाडीत तपासणीचं शिबिर झालं. बोटाला टोचून रक्ताचा थेंब नळीतल्या पाण्यासारख्या औषधात टाकत होते. नळीच्या मागे रेघा मारलेला कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक, पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. बाबूची नळी गढूळ झाली. माझी झाली, त्याच्या बाबांचीही झाली. सिस्टर म्हणाल्या, "घाबरू नका, या टेस्टवरून फक्त आहे का नाही एवढंच कळतं. वाहक की रुग्ण, ते दुसऱ्या तपासणीत." दुसऱ्या तपासणीला दंडातून रक्त घेतलं, तिला इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. तेवीस दिवसांनी चिठ्ठी आली. मी एएस, बाबूचे बाबा एएस, मुलगी तेव्हा वर्षाची होती ती एएस. बाबू एसएस.

ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरनी मला बाकावर बसवून समजावलं. एएस म्हणजे वाहक, एक जनुक चांगलं आणि एक सिकलचं. वाहकाला सहसा काही त्रास होत नाही, औषध लागत नाही. पण नवराबायको दोघंही वाहक असले, तर प्रत्येक वेळी दिवस गेल्यावर चारात एक शक्यता बाळ एसएस होण्याची, दोन शक्यता एएसची आणि एक पूर्ण निरोगी होण्याची. "एक झालं, आता पुढची तीन सुटली, असं नसतं बरं," त्या म्हणाल्या. "दर वेळी हिशोब नव्याने."

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घरात कोणालेच असं नाही. तुह्याच माहेरचं असन." मी त्या रात्री जेवले नाही. पुढच्या वर्षी गावात पुन्हा शिबिर आलं, तेव्हा आशाताईंनी सासूबाईंनाही तपासून घेतलं. एएस. त्या दिवसानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, आणि बाबूचे पाय दुखले की शेकायचं गरम पाणी त्यांच्याच हातचं असतं. आईबाप दोघांकडून आलं नाही तर मूल एसएस होतच नाही, एवढी साधी गोष्ट आहे. पण ती कागदावर दिसेपर्यंत दोष सुनेवरच राहतो. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या, थोरामोठ्यांचीही.

आजार मला कळला तो विळ्यावरून. आमच्याकडे धान विळ्यानेच कापतात. तांबड्या पेशी एरवी गोल असतात, लवचीक असतात, बारीक नळीतूनही दुमडून निघून जातात. एसएसच्या माणसाच्या पेशी प्राणवायू सोडला की विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. मग त्या एकमेकींत अडकतात, रक्त पुढे जात नाही आणि ज्या भागाला रक्त मिळत नाही तो भाग ठणकतो. चांगली पेशी १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांतच फुटते. म्हणून रक्त नेहमी कमी. फुटलेल्या पेशींमुळेच डोळे पिवळे. म्हणजे आमची कावीळ, आमचा वात आणि आमची रक्तकमी हे तीन आजार नव्हतेच, एकच होता. आणि लोहाची कमतरता तपासणीत दिसल्याशिवाय अशा मुलाला लोहाचं टॉनिक द्यायचं नसतं. त्याला रोजची गोळी असते फॉलिक ॲसिडची. सरकारी दवाखान्यात मिळते, बाहेर घेतली तरी स्वस्त आहे.

बाबूच्या बाबांनी डॉक्टरांना विचारलं होतं, "हे आमच्याच भागात काहून एवढं?" डॉक्टरांनी सांगितलं की जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे वाहक मुलं मलेरियाच्या तडाख्यातून जास्त वाचली, म्हणून हे जनुक टिकून राहिलं. आमचा जंगलाचा, तळ्यांचा, बांध्यांचा भाग. मला हे ऐकून हलकं वाटलं. हा अमक्याच जातीचा आजार, तमक्यांच्या घरात मुलगी देऊ नका, असलं बोलणं आमच्याकडे चालतं. ते जनुक आमच्या पूर्वजांना वाचवत आलं आहे, हे मी तेव्हापासून बोलणाऱ्याला सांगते.

आता दुखण्यांच्या नोंदी ठेवते त्या वहीबद्दल. २०१५ च्या डिसेंबरात बाबू पहिलीत होता. पाठ दुखते म्हणून चौथ्यांदा भरती केलेलं. शाळेतून निरोप आला होता की मुलगा अभ्यास नको म्हणून नाटक करतो. मी वॉर्डात रडत होते. रात्रपाळीच्या सिस्टर म्हणाल्या, "ताई, याचं दुखणं एक्स-रेत दिसत नाही, सुजत नाही, दर वेळी तापही येत नाही. तुम्ही सांगितल्याशिवाय कोणाला कळणार नाही. आणि नुसतं तोंडी सांगून कोणी ऐकत नाही. लिहून ठेवा."

दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही आणली, वीस रुपयांची. पट्टीने रकाने आखले. तारीख, कुठे दुखलं, किती दिवस, ताप किती, घरी काय दिलं, भरती केलं का, रक्त चढवलं का. मी माझ्या मनाने एक रकाना वाढवला, आदल्या दिवशी काय झालं. एका वर्षात त्या रकान्याने मला शिकवलं. रोवणीच्या दिवसांत भिजला की तिसऱ्या दिवशी पाय. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दुखणं जास्त. तळ्यावर पोहून आला की हात. आणि शाळेतून पाण्याची बाटली भरलेलीच परत आली की त्या आठवड्यात काही ना काही. थंडी, अंगातलं पाणी कमी होणं, ताप, दमणूक, या चार गोष्टी डॉक्टरांनीही सांगितल्या होत्या. माझ्या वहीत त्या आमच्या तारखांसकट आल्या.

पाण्याची गोष्ट नीट सांगते, कारण यावर फार कोणी बोलत नाही. या मुलांना भरपूर पाणी प्यावं लागतं आणि लघवीला सारखं जावं लागतं. या आजारात मूत्रपिंडाला लघवी दाट करता येत नाही, पाणी तसंच बाहेर जातं. बाबू दहा वर्षांचा होईपर्यंत रात्री अंथरूण ओलं करायचा. आम्ही त्याला त्यासाठी मारलंसुद्धा आहे. शाळेत सारखा बाहेर जातो म्हणून त्याला वर्गात उभं केलं जायचं, मग त्याने पाणी पिणंच सोडलं आणि दुखणी वाढली. हे साखळीसारखं चालू होतं आणि मला वहीवरून कळलं. मी डॉक्टरांकडून चार ओळींचं पत्र घेतलं: या मुलाला वर्गात पाणी पिऊ द्यावं, लघवीला केव्हाही जाऊ द्यावं, थंडीत स्वेटर काढायला लावू नये, दुखऱ्या भागावर बर्फ लावू नये. गुरुजींनी वाचलं आणि म्हणाले, "हे आधी काऊन नाही सांगितलं बाई?" दर जूनमध्ये नवीन वर्गशिक्षकांना त्या पत्राची झेरॉक्स देते. बर्फाचं मुद्दाम लिहून घ्या. खेळताना पाय दुखला की बर्फ लावायची सगळ्यांना सवय असते, आणि याला थंडीनेच रक्त आणखी अडतं. याला शेकच लागतो.

हायड्रॉक्सियुरिया हे औषध २०१७ च्या मार्चमध्ये सुरू झालं. वर्षात पाच वेळा भरती झाल्यावर डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं, तिथे बालरोग विभागात वही पाहून लगेच ठरलं. कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची असते, बाबूचं वजन तेव्हा वीस किलो, म्हणून एक दिवसाआड एक. सरकारी पुरवठा त्या महिन्यात नव्हता, बाहेरून घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "हे कॅन्सरचं औषध आहे, लहान मुलाला कशाला?" चिठ्ठी हातात घेऊन मी पायरीवर बसले. परत जाऊन विचारलं. डॉक्टरांनी दहा मिनिटं दिली. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये हे औषध वापरतात हे खरं आहे. सिकलसेलमध्ये ते बाळपणीचं ते सांभाळणारं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं. मात्र पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून रक्ततपासणी चुकवायची नाही. सुरुवातीला पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, आता तीन महिन्यांनी. परिणाम लगेच दिसला नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून वहीची पानं हळू भरू लागली. हिमोग्लोबिन ७.४ वरून नऊच्या आसपास आलं. पुढच्या पूर्ण वर्षात भरती एकदाच.

मधली वर्षं पटकन सांगते. कोरोनात आशाताईंनी गोळ्या घरपोच केल्या. एकदा खासगीत रक्त चढवलं तेव्हा पिशवीचे १,४५० रुपये भरले. सिकलसेलच्या रुग्णाला रक्तपेढीने पैसे न घेता रक्त द्यायचं असतं हे तेव्हा माहीत नव्हतं. २०२३ च्या हिवाळ्यात बाबू लंगडायला लागला. एमआरआयचे साडेचार हजार लागले आणि कळलं की डाव्या खुब्याच्या हाडाच्या गोळ्याला रक्त कमी पडतं आहे. मांडी घालून बसायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, ओझं नाही. तोवर दुखणं येऊन जायचं. हे राहणारं होतं.

जुलै २०२४. दहावीचा वर्ग सुरू झाला आणि वर्गशिक्षिकांनी सांगितलं की सिकलसेलच्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत तासाला २० मिनिटं वाढीव मिळतात, पण दिव्यांग प्रमाणपत्र जोडावं लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे तीन रक्ताचे आजार येतात. मी घरी सांगितलं तर बाबूचे बाबा उठून बाहेर गेले. "आपला पोरगा अपंग नाही," एवढंच म्हणाले. बाबूने मला रात्री विचारलं, "आई, कार्ड काढलं तर सगळ्याइले समजन का?" मी म्हटलं, समजेल. शाळेत तर समजेलच. तो दोन दिवस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, सहामाहीत हात दुखत होता तर दोन प्रश्न लिहायचे राहिले होते, काढून घे. त्याला विचारल्याशिवाय मी अर्ज केला नसता. मूल मोठं असेल तर विचाराच.

१८ जुलैला सेतू केंद्रात ऑनलाइन अर्ज भरला. स्वावलंबन कार्डाचं सरकारी संकेतस्थळ आहे, तिथेच यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आणि प्रमाणपत्र दोन्हींचा एकच अर्ज होतो. अर्जाला फी नाही, केंद्रवाल्याने भरणावळीचे १५० घेतले. आधार, फोटो, सहीचा फोटो, रहिवासाचा पुरावा लागला. आधारवर बाबूचं नाव आणि वडिलांचं नाव जोडून एकच शब्द झाला होता, शाळेच्या दाखल्यात वेगळं. केंद्रवाला म्हणाला चालून जाईल. मी ऐकलं नाही, आधी आधार दुरुस्त केलं, त्यात बारा दिवस गेले. हे बरं झालं, कारण पुढे वैद्यकीय मंडळाच्या खिडकीवर माझ्यापुढच्या बाईंना याच कारणावरून परत पाठवलं. शाळेचा दाखला, आधार आणि अर्ज, तिन्हीकडे नाव अक्षर न् अक्षर एक असू द्या.

अर्जानंतर नोंदणी क्रमांक मिळतो. त्याची प्रिंट घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी वैद्यकीय मंडळापुढे जायचं. आमच्याकडे रक्ताच्या आजारांसाठी बुधवार होता. सकाळी सहाची एसटी, दोन तास. सिकलसेलच्या रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी एसटीत सवलत आहे, बाबूचं तिकीट लागलं नाही. मला महिलांचं अर्धं. सवलतीला कोणता कागद दाखवायचा ते आधी डेपोत विचारून घ्या, कंडक्टरशी वाद घालायची वेळ येत नाही.

पहिला बुधवार १४ ऑगस्ट. रांगेत ४७ वा नंबर. साडेबाराला आत गेलो. २०१३ ची इलेक्ट्रोफोरेसिसची चिठ्ठी दाखवली, तर तिची शाई इतकी उडाली होती की एसएसमधला एकच एस दिसत होता. नवीन एचपीएलसी तपासणी (हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी) करून या म्हणाले. लॅबमध्ये गेलो. तिथल्या ताईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं का?" चढवलं होतं, २७ जूनला, तापात हिमोग्लोबिन ५.२ झालं तेव्हा. मग तपासणी आत्ता करून उपयोग नाही म्हणाल्या, कारण देणाऱ्याचं चांगलं रक्त मिसळलेलं असतं आणि रिपोर्ट चुकीचा येतो. सप्टेंबर संपेपर्यंत थांबा.

शाळेतून बोर्डाकडे अर्ज जायची मुदत जवळ येत होती. मी बसस्टँडवर बसून विचार करत होते आणि आठवलं की २०१३ ची तपासणी जिथे झाली, तिथे रजिस्टर असेल. दुसऱ्या दिवशी १५ ऑगस्ट, सुटी. १६ ला ग्रामीण रुग्णालयात गेले. अकरा वर्षांपूर्वीचं रजिस्टर शोधायला तिथल्या लॅबवाल्या दादांनी तीन दिवस मागितले आणि खरंच शोधलं. बाबूचं नाव, तारीख, एसएस. त्यांनी अधीक्षकांच्या सही-शिक्क्याचा उतारा दिला. एक रुपया घेतला नाही. त्या उताऱ्याच्या पाच झेरॉक्स काढल्या. पहिल्या रिपोर्टचा फोटो त्याच दिवशी मोबाइलमध्ये काढून ठेवा, कागदाची शाई टिकत नाही.

दोन भरतींचं डिस्चार्ज कार्डही माझ्याकडे नव्हतं, एक पुरात भिजलेलं, एक कुठे गेलं ठाऊक नाही. वहीत तारखा होत्या म्हणून रेकॉर्ड विभागात अर्ज करता आला. तारीख सांगितल्याशिवाय तिथे काही सापडत नाही.

दुसरा बुधवार ४ सप्टेंबर. आदल्या दिवशी तान्हा पोळा होता, बाबूची लहान बहीण लाकडी बैल सजवून रडत होती की दादा उद्या लवकर निघणार म्हणून लवकर झोपला. आम्ही गेलो तर फिजिशियन दुसऱ्या ड्यूटीवर. खिडकीवर विचारलं, म्हणाले पुढच्या बुधवारी. पुढचा बुधवार ११, गौरीपूजनाचा, म्हणून मी १८ तारीख मागितली. येताना पाऊस लागला, बाबू भिजला. वहीत नोंद आहे: ६ सप्टेंबर, डावा पाय आणि कंबर, तीन दिवस, ताप नाही, घरीच. त्या तीन रात्रींत मला वाटलं होतं, जाऊ दे हे प्रमाणपत्र. वीस मिनिटांसाठी पोराला पावसात नेऊन दुखणं ओढवून घेतलं.

निघण्याआधी आणखी एक शिकले. जायच्या आधी फोन करून डॉक्टर आहेत का ते विचारायचं. आशाताईंच्या ओळखीने वॉर्डातल्या सिस्टरला फोन केला, त्यांनी सांगितलं, या.

१८ सप्टेंबर २०२४. या वेळी बाबूचे बाबाही आले, त्या दिवशी त्यांनी निंदणाचं काम सोडलं. डॉक्टर तरुण होते. बाबूला चालायला लावलं, एका पायावर उभं राहायला लावलं, पाय बाहेर फिरवून पाहिला. एमआरआय उजेडाकडे धरून पाहिला. मग विचारलं, "वर्षात किती वेळा दुखतं?" बाबू म्हणाला, "दुखतेच, सर." त्याला आकडा सांगता आला नाही. मी वही पुढे केली. एक नाही, तीन वह्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी शेवटची उघडली आणि पानं उलटत गेले. ऑगस्ट २०२३ ते ऑगस्ट २०२४ मध्ये पाच भरती, चार पिशव्या रक्त, घरी काढलेली दुखणी एकोणीस. त्यांनी डिस्चार्ज कार्डं एकेक करून वहीतल्या तारखांशी लावून पाहिली. सगळ्या जुळल्या. "हे कोण लिहितं?" त्यांनी विचारलं. बाबूचे बाबा म्हणाले, "हिनं लिवलं. नऊ वर्षं झाली." ते असं कधी बोलत नाहीत. मी खाली बघत होते.

टक्केवारी तिथे सांगत नाहीत. ९ ऑक्टोबरला मोबाइलवर संदेश आला, संकेतस्थळावरून प्रमाणपत्र उतरवून घेतलं. आकडा चाळीसच्या वर होता, बऱ्याच सवलतींसाठी तेवढा लागतो. मुदत तीन वर्षं. कार्ड पोस्टाने जानेवारीत आलं, पण छापील प्रमाणपत्र चालतं, कार्डासाठी थांबू नका.

शाळेने मुख्याध्यापकांच्या पत्रासह अर्ज परीक्षा घेणाऱ्या बोर्डाच्या नागपूर विभागीय मंडळाकडे पाठवला. मी त्यात तीन गोष्टी लिहायला लावल्या: वाढीव वेळ, तळमजल्यावरची बैठक, जवळ स्वच्छतागृह. लेखनिकही मागता येतो, बाबूला नको होता. फेब्रुवारीत मंजुरी आली. तिची एक प्रत शाळेत, एक केंद्रसंचालकांकडे, एक माझ्या पिशवीत. पहिल्या पेपरला, २१ फेब्रुवारीला, केंद्रावर अर्धा तास आधी जाऊन ती प्रत दाखवून आले.

पेपर तीन तासांचा असेल तर एक तास वाढतो, गणित-विज्ञानाच्या दोन तासांच्या पेपरला चाळीस मिनिटं. बाकीची मुलं फाटकातून बाहेर यायची आणि बाबूची खोली चालू असायची. मी आंब्याखाली गरम पाण्याचा थर्मास घेऊन बसायचे. गणिताच्या दोन पेपरांच्या मधल्या रात्री दोन वाजता त्याचा उजवा हात धरला, कोपरापासून मनगटापर्यंत. पॅरासिटामॉल, गरम पाण्याची पिशवी, तासातासाला पाणी. तापमापक लावून पाहिला, ताप नव्हता. १०१ च्या वर ताप असता किंवा छातीत दुखलं असतं, तर पेपर सोडून थेट भरती, हे आमचं आधीच ठरलं होतं आणि बाबूलाही माहीत होतं. त्याने दुसरा पेपर दिला. दर पाच-सात मिनिटांनी पेन ठेवून बोटं चोळत लिहिलं म्हणाला. चाळीस मिनिटांतली तेहतीस त्याने वापरली.

१७ मार्चला शेवटचा पेपर झाला. १३ मे ला निकाल. ६१.४० टक्के.

खर्च मी वहीच्या मागच्या पानावर लिहिला होता. अर्ज, आधार, झेरॉक्स, फोटो, माझी तिकिटं, बाहेरचं खाणं मिळून २,१८० रुपये. माझी आणि त्याच्या बाबांची बुडालेली मजुरी यात धरलेली नाही.

आता तो अकरावीला आहे, अठरा किलोमीटरवर, एसटीने जातो. पहिल्याच दिवशी पत्राची आणि प्रमाणपत्राची झेरॉक्स घेऊन मी कॉलेजात गेले होते, पण त्याने मला फाटकाशी थांबवलं आणि स्वतः आत जाऊन दिली. मुलगी आठवीत आहे. तिला मी सांगून ठेवलं आहे की तू एएस आहेस, तुला औषध नाही, पथ्य नाही, लग्न ठरवताना मुलाचा रिपोर्ट आधी मागायचा. तिला ते लाजिरवाणं वाटत नाही, भावाच्या वहीत तापाचे आकडे कधी कधी तीच लिहिते.

प्रमाणपत्राची मुदत सप्टेंबर २०२७ मध्ये संपते. या खेपेला मी जूनमध्येच अर्ज करायचं ठरवलं आहे. त्याआधी तीन महिने रक्त चढवलेलं नसेल तर नवीन एचपीएलसी करून ठेवायची, नाहीतर रजिस्टरचा उतारा आहेच. त्या ऑगस्टमध्ये बाबूला अठरा पूर्ण होतील, म्हणजे मंडळापुढे जाईपर्यंत कागदांवर सही त्याची लागेल.